प्रमाण-माणसाची कादंबरी

मानवी प्रतिसाद प्रमाण केंद्राच्या तिसऱ्या प्रयोगशाळेत, काचेच्या दालनात बसून सदानंद वैरागडे यांनी आपल्या नोकरीतला शेवटचा प्रतिसाद दिला. समोर कैरीच्या लोणच्याची वाटी होती. त्यांनी फोड चाखली आणि म्हणाले, "सहा." एक ते नऊच्या पट्टीवर सहा. शेजारच्या पडद्यावर यंत्राने तोच सहाचा आकडा त्यांच्या दोन सेकंद आधी लिहून ठेवला होता. नोकरी जाण्याचे कारण एवढेच.

ही नोकरी काय होती हे त्यांच्या नातेवाइकांनाही नीट सांगता येत नसे. सत्तावीस वर्षांपूर्वी नागपूरच्या या केंद्राने दोन लाख दहा हजार माणसे सहाशे अकरा कसोट्यांवर तपासली होती. कोणाला किती गरम चहा चालतो, किती वेळ रांगेत उभे राहिले की चीड येते, सरकारी अर्जातले कोणते वाक्य दोनदा वाचावे लागते, अशा त्या कसोट्या. सगळ्या आकड्यांच्या बरोबर मध्यावर जो माणूस सापडला तो पाणीपुरवठा खात्यातला एकतीस वर्षांचा कारकून होता. लगेच राजपत्रात छापून आले: 'प्रमाण प्रतिसाद म्हणजे श्री. सदानंद केशव वैरागडे यांनी कोणत्याही प्रश्नास दिलेला पहिला प्रतिसाद.'

तेव्हापासून राज्यातल्या लिफ्टची दारे त्यांच्या पावलांच्या हिशेबाने मिटत. खोकल्याचे औषध त्यांच्या जिभेला सोसेल इतके कडू असे. स्थानकांवरच्या घोषणा त्यांच्या कानाला मानवेल इतक्या मोठ्या. एका माणसाला विचारले की सगळ्यांना विचारल्यासारखे होई, आणि सगळ्यांना विचारण्यापेक्षा एका माणसाला विचारणे कोणत्याही खात्याला सोपे जाते.

प्रमाण म्हटले की ते जपावेही लागते. वैरागडे यांनी सत्तावीस वर्षे एकच वर्तमानपत्र वाचले, डोक्याला एकच तेल लावले, एकाच रस्त्याने चालत गेले. नवीन काही करायचे तर अर्ज. काश्मीरला जाण्याचा त्यांचा अर्ज चौदा महिने फिरला आणि 'अतिसौंदर्यामुळे विचलनाचा संभव' असा शेरा घेऊन परत आला. वाचायला मंजूर कादंबऱ्या एकोणीस. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की पहिले जे उत्तर येईल तेच उत्तर. खोडायचे नाही, सुधारायचे नाही. या नियमाने त्यांनी चार हजार तीनशे लोणची चाखली आणि कार्यालयीन वेळेत एकोणीस वेळा रडून दाखवले.

या सगळ्या नोंदींवर शिकून तयार झालेल्या यंत्राचे नाव 'प्रतिरूप'. हजार प्रश्नांत ते सात वेळा चुके, आणि त्या सातही वेळा वैरागडे यांना सर्दी झालेली असे. मग माणूस कशाला ठेवायचा? निवृत्तीला दोन वर्षे असताना केंद्राच्या संचालक डॉ. इरावती बोकील यांनी त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि निरोपाचा तक्ता भरायला पुढे केला. त्यात चौदावा प्रश्न होता: यापुढे काय करणार?

"कादंबरी लिहीन," वैरागडे म्हणाले.

डॉ. बोकील यांनी चष्मा काढला. "कादंबरी?"

"मलाही आत्ताच कळलं, मॅडम."

घरी गेल्यावर पत्नी कुंदाबाईंनी हेच विचारले. त्या ब्लाउज शिवण्याचे वर्ग चालवत, आणि माणसाचे माप डोळ्यांनी घेण्याची त्यांना सवय होती. "कादंबरी? अन् कशावर?"

"तेच पाहून राहिलो."

"तुमच्या मनात होतं काय असं काही?"

"नव्हतं. पण उत्तर आलं ना."

"अहो, उत्तर काय पोस्टानं येते?" कुंदाबाई म्हणाल्या. "बरं, भाजी कोणती करू?"

वैरागडे वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने कुंदाबाईंच्या लक्षात आले की त्यांना एक ते नऊची पट्टी हवी आहे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पाच वाजता उठले. मधे दीड ते दोन सुट्टी. जे वाक्य पहिल्यांदा आले ते लिहिले, त्याच्यामागून जे आले ते त्याच्यापुढे. चार महिन्यांत तीनशे बारा पाने झाली, एकही खाडाखोड नव्हती. एका गावात एक मास्तर बदली होऊन येतो. ज्या पानावर त्याची आई आजारी पडेल असे वाटावे त्याच पानावर ती आजारी पडे, आणि ज्या मुलीशी त्याचे लग्न होईल असे वाटावे तिच्याशीच ते होई. लिहिताना वैरागडे यांना एकदाही अडखळायला झाले नाही. आपण चांगले लिहितो आहोत की वाईट हे मात्र त्यांना समजेना. आजवर कोणत्याही गोष्टीचे चांगले-वाईट त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारले नव्हते. सगळे त्यांनाच विचारायला येत.

सीताबर्डीवरच्या एका प्रकाशन संस्थेत अरुंधती मेश्राम नावाच्या संपादक होत्या. त्यांच्याकडे आलेले प्रत्येक हस्तलिखित आधी केंद्राच्या प्रतिरूपाकडे जाई. प्रतिरूपाला एकेक वाक्य दाखवायचे आणि पुढचे ओळखायला सांगायचे. शंभरातली जितकी ओळखता आली नाहीत तितका त्या पुस्तकाचा 'अनपेक्षांक'. वीसच्या खाली अंक आला तर ग्रंथालये पुस्तक घेत नसत, आणि ग्रंथालयांनी घेतले नाही तर कोणी छापत नसे. महिन्याभराने मेश्रामबाईंनी वैरागडे यांना बोलावले. हस्तलिखित त्यांनी टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

"तुमचा अंक शून्य आलाय."

"बरा असतो का शून्य?"

"मला ठाऊक नाही. आजपर्यंत कोणाचा आलाच नाही. मागं एकानं खोडसाळपणा म्हणून पंचांग पाठवलं होतं, त्यालासुद्धा नऊ मिळाले." त्यांनी आवाज खाली आणला. "वैरागडे साहेब, प्रत्येक वाक्याला त्याला पुढचं वाक्य ठाऊक होतं. स्वल्पविरामासकट. खरं सांगा, कुठून उतरवलंत?"

"मी नाही उतरवलं," वैरागडे सावकाश म्हणाले. "मला वाटते, त्यानंच मला उतरवून घेतलं आहे."

मेश्रामबाईंचा चेहरा पाहून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून बाई आणखी गोंधळल्या, आणि वैरागडे तिथून थेट केंद्रात गेले.

डॉ. बोकील यांना हसू आले, मग ते आवरले. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले किलोचे एक पितळी वजन होते. ते त्यांनी उचलले. "समजा हे राज्यातलं मूळ वजन आहे. तागडीच्या एका पारड्यात हे ठेवलं आणि दुसऱ्यात याच्यावरून पाडलेलं वजन ठेवलं, तर तागडी कुठं झुकेल?"

"झुकणार नाही."

"तुमच्या कादंबरीचं तसंच झालंय. प्रतिरूपाला पुस्तकाची पारख वगैरे काही नाही. 'याच्यापुढं वैरागडे काय म्हणतील' एवढंच त्याला कळतं. दुसऱ्यांची पुस्तकं तुमच्यापासून थोडी इकडं-तिकडं असतात, म्हणून त्यांना अंक मिळतो. तुमचं पुस्तक तुमच्यापासून कुठं जाणार?"

"म्हणजे मी काहीही लिहिलं तरी शून्यच?"

"आहात तसेच राहिलात तर."

वैरागडे यांनी ते वजन त्यांच्या हातून घेऊन कागदांवर परत ठेवले. मग म्हणाले, "मॅडम, सत्तावीस वर्षं मी लोणच्याला सहा म्हटलं की सगळ्या राज्याचं सहा. माझं असं एकही मत मला घरी नेता आलं नाही. ही एवढी कादंबरी माझी एकट्याची व्हावी असं वाटते. जगात एक तरी माणूस पाहिजे ना, ज्याला माझं पुढचं वाक्य ठाऊक नाही."

"मग बदला," डॉ. बोकील म्हणाल्या. "आता तुम्हाला जपणं आमच्याकडं नाही. खुशाल बदला."

बदलायचे कसे, याची पद्धत वैरागडे यांना कोणी शिकवली नव्हती, म्हणून त्यांनी ती कार्यालयीन शिस्तीने शोधून काढली. सोमवारी उलट्या रस्त्याने फिरायला जायचे. मंगळवारी बाजारात बांगडीवाल्याच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांचे हात पाहायचे. एक आठवडा ते कोणाशी बोलले नाहीत, पुढचा आठवडा ज्याच्या-त्याच्याशी बोलले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तरणतलावात उतरले आणि पहिल्याच दिवशी भरपूर पाणी प्याले. कुंदाबाईंच्या वर्गात मागे बसून काजेबटणे शिकले, आणि कोणत्या बाई स्वतःचे माप दोन इंच कमी सांगतात याची त्यांनी वहीत यादी केली.

सहाव्या आठवड्यात लिफ्टचे दार त्यांच्या कोपराला लागले.

असे कधीच झाले नव्हते. चार दिवसांनी स्थानकावरची घोषणा त्यांना कर्कश वाटली. दवाखान्यात त्यांचा नंबर येईना. सत्तावीस वर्षे रांगेत त्यांचा धीर सुटायच्या क्षणी त्यांचा नंबर आलेला असे. जग चांगले चाललेले आहे आणि कुरकुर करणारी माणसे स्वभावानेच किरकिरी असतात, असे त्यांनी मनात पक्के लिहून ठेवले होते. आता औषध फार कडू लागू लागले, अर्जातली वाक्ये तीनदा वाचावी लागली.

"कुंदा, हे लिफ्टचं दार बिघडलं काय?"

"बिघडलं कुठं? मला तं ते कायमच मारते."

"मग बोलली काहून नाहीस?"

"बोलली होती. तुम्ही म्हणाले, तूच हळू चालतेस."

त्या संध्याकाळी वैरागडे यांनी दुसरी कादंबरी सुरू केली. एक माणूस सकाळी उठतो आणि त्याचे शहर त्याच्या अंगाला बसेनासे झालेले असते, जिने एका पायरीने जास्त, शब्द एका अर्थाने कमी. हा माणूस पुढे काय करील हे वैरागडे यांना ठाऊक नव्हते. काही दिवस एकच वाक्य होई. त्यांनी पहिल्यांदाच लिहिलेले खोडले, आणि खोडल्यावर घाबरून दार लावून घेतले. आठ महिने गेले. पाने झाली एकशे नव्वद.

अनपेक्षांक आला चौऱ्याहत्तर.

"मी स्वतः दोनदा वाचली," मेश्रामबाई फोनवर म्हणाल्या. "दोन्ही वेळा मला वाटलं, हा आता घरी जाईल, आणि दोन्ही वेळा तो गेला नाही. पुढच्या महिन्यात छापतो. छपाईच्या दिवशीचा ताजा दाखला लागतो, पण ती औपचारिकता."

दुसऱ्या दिवशी केंद्राचे पत्र आले. प्रतिरूपाची वार्षिक पडताळणी होती. एक सकाळ यावे, चहापान होईल, हीही औपचारिकता. वैरागडे आनंदाने गेले. जुने काचेचे दालन, जुनी खुर्ची, प्रश्न दोनशे.

पहिल्यांदा लोणचे आले. "चार," वैरागडे म्हणाले. "आणि फोडी करणारी बाई घाईत होती." पडद्यावर सहा होते. मग कंटाळ्याची चाचणी: रिकाम्या खोलीत बसायचे आणि कंटाळा आला की घंटी वाजवायची. प्रतिरूपाने अकरा मिनिटे सांगितली होती. वैरागडे बावन्न मिनिटे बसले, कारण समोरच्या भिंतीवरचे भोक कोणी तरी चुन्याने अंगठा फिरवून बुजवले होते आणि तो अंगठा डावा की उजवा हे ते ठरवत होते.

शंभर प्रश्नांनंतर चहा झाला. डॉ. बोकील यांनी हातातल्या कागदावरच्या खुणा पुन्हा मोजल्या. "अडतीस उत्तरं जुळली नाहीत."

"मी बदललो, मॅडम. तुम्हीच म्हणाल्या होत्या. प्रतिरूप बरोबर आहे, मी चूक."

"तुम्हाला चूक होता येत नाही." त्या खुर्चीत बसल्या. "मी काल राजपत्र काढून पाहिलं. त्यात प्रतिरूपाचा शब्द नाही. अजून तुमचंच नाव आहे. नोकरीवरून तुम्हाला काढलं, व्याख्येतून काढायचं राहून गेलं."

"मग आता काढा."

"समिती, विधी खातं, दोन्ही सभागृहं. सात वर्षं धरा. तोवर कायद्यानं प्रमाण म्हणजे तुम्ही, आणि प्रमाण बदलत नसतं. अडतीस ठिकाणी फरक पडला, तर बदललं असेल ते प्रतिरूप. ते आम्हाला तुमच्याबरहुकूम दुरुस्त करावं लागेल."

"अन् लोक?"

"ते तर प्रतिरूपावरून चालतात."

वैरागडे यांचा कप ओठाशी थांबला. गोष्ट कुठे जाते आहे ते त्यांना दिसले. "दुरुस्त झाल्यावर माझी कादंबरी त्याला पुन्हा दाखवतील. छपाईच्या दिवशी."

"हो."

"शून्य."

"शून्य," डॉ. बोकील म्हणाल्या. त्यांनी दालनाचे दार ओढून घेतले. "वैरागडे, अजून शंभर प्रश्न आहेत आणि पहिले शंभर पुन्हा घेण्याचा मला अधिकार आहे. जुनी उत्तरं तुम्हाला पाठ आहेत. अशी सूचना मी आयुष्यात कोणाला केलेली नाही आणि आत्ताही केली नाही."

वैरागडे खुर्चीत परत बसले. लोणचे आले. उत्तर सहा. पुस्तक हवे असेल तर सहा म्हणायचे, इतके सोपे काम. त्यांनी सहा म्हणायला तोंड उघडले आणि "चार" असे ऐकू आले. ते स्वतःच चकित झाले. सत्तावीस वर्षे त्या खुर्चीत बसून पहिले उत्तर देणाऱ्याला तिथे दुसरे उत्तर देता येत नव्हते. त्यांनी पुढचे प्रश्न नीट मन लावून खोटे सांगायचे ठरवले. जुना वैरागडे काय म्हणाला असता, ते आठवू लागले. आठवले तर सगळे. पण तो माणूस त्यांना कोणा दूरच्या साडूसारखा वाटला, ज्याच्या वतीने आपण सही कशी करायची? आणि तो पुन्हा आत शिरलाच, तर कादंबरी छापून येईल ती कोणाची? इतका विचार होईतो तोंडातून खरी उत्तरे निघून गेली होती. शेवटच्या शंभरात चाळीस चुकली. म्हणजे प्रतिरूपाची.

दाखला आला तो छापील नमुन्यात होता: 'अनपेक्षांक शून्य. सदर ग्रंथ सर्वसाधारण वाचकास संपूर्ण परिचित आहे.'

"मी कोणीच नाही का मग?" मेश्रामबाई म्हणाल्या. "मला तर पुढचं काही कळत नव्हतं वाचताना."

"तुम्ही प्रमाण नाही," वैरागडे म्हणाले.

"म्हणजे सगळ्या राज्यानं ही कादंबरी वाचलेली आहे, असं समजायचं?"

"कायद्यानं."

"आणि प्रत्यक्षात तुम्ही, मी आणि वहिनी."

"कुंदानं अर्धीच वाचली. तिला डोळ्याचा चष्मा बदलायचा आहे."

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून दुरुस्त प्रतिरूप राज्यभर लागू झाले. सरकारी अर्जांत 'आपण घाईत आहात काय, आणि असल्यास कशासाठी' असा रकाना आला. रेल्वे स्थानकावरच्या घोषणेत गाडीचा क्रमांक सांगितल्यावर कोणत्या डब्याची खिडकी धुतलेली आहे तेही सांगू लागले. लोणचे कारखानदारांनी फोडी करणाऱ्या बायांना दुपारी झोप सक्तीची केली. दारे लागेनात, रांगा सरकेनात, आणि कुठे काय बिघडले हे कोणालाच सांगता येईना, कारण तपासणीला आलेला प्रत्येक अधिकारी यंत्र लावून पाही आणि सर्व काही प्रमाणात आहे असे लिहून जाई. फक्त वैरागडे यांना सगळे पुन्हा मापात बसले होते. त्यांना त्याची लाज वाटे.

एका दुपारी ते कुंदाबाईंना चष्म्याच्या दुकानात घेऊन निघाले. शहर बस थांब्यावर आली, माणसे चढली, आणि बस हलेना. चालकासमोरच्या पाटीवर अक्षरे होती: 'प्रमाण प्रवासी अद्याप कंटाळलेला नाही.'

"भाऊ, चला ना," कोणी म्हणाले.

"माझ्या हातात काय आहे?" चालक म्हणाला. "ही पाटी विझल्याशिवाय गिअर पडत नाही. पूर्वी लवकर विझायची. काल महाल थांब्यावर पाऊण तास बसून होतो."

"कोण हा प्रमाण प्रवासी? खाली उतरवा त्याला."

वैरागडे खिडकीबाहेर पाहू लागले. कुंदाबाईंनी त्यांना कोपराने डिवचले.

पुढच्या बाकावर एक बाई मांडीवर मिठाईचा पुडा सांभाळत बसल्या होत्या. भाचीच्या साखरपुड्याला निघाल्याचे त्यांनी आधीच दोघांना सांगितले होते. त्या मागे वळल्या. "काका, हे झालं तरी काय गावाला? कालपरवापर्यंत सगळं बरं होतं. आता सकाळी उठते तं आपलंच घर आपल्याला होत नाही."

"असं एका माणसाचं झालं होतं," वैरागडे म्हणाले.

"कोणाचं?"

"होता एक. सकाळी उठला, जिना उतरायला लागला, तं खाली एक पायरी जास्त." त्यांनी कुंदाबाईंकडे पाहिले. त्या पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत होत्या. "आता रोज उतरतो तो जिना. सतरा पायऱ्या. त्या दिवशी अठरा. त्याला वाटलं, मोजण्यात चुकलो, म्हणून तो पुन्हा वर गेला."

"अन् वरून मोजत आला?"

"वर गेला तं त्याच्या दारावर पाटी त्याचीच होती, पण कुलूप बाहेरून."

बाईंनी पुडा मांडीवरून बाकावर ठेवला. पलीकडचा कॉलेजातला मुलगा कानातले इअरफोन काढून ऐकू लागला. वैरागडे सांगत राहिले. तो माणूस घरी गेला नाही, पोलिसांतही गेला नाही, त्या अठराव्या पायरीवरच बसला, आणि खालून एक कापसाचा व्यापारी वर येऊ लागला. पाटी तशीच जळत होती.

मधेच ते थांबले. व्यापाऱ्याचा प्रसंग हस्तलिखितात होता त्याहून आता वेगळा जावा, असे त्यांना वाटू लागले होते, पण कुठे ते दिसेना.

"मग?" बाई म्हणाल्या. "पुढं काय झालं?"

वैरागडे यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. या बाईंना खरेच ठाऊक नव्हते. मुलालाही नव्हते.

चालकाने इंजिन बंद केले आणि आसनावरून मागे वळला. "काका," तो म्हणाला, "पुढचं जरा मोठ्यानं सांगा. इथवर नीट येत नाही."